हात वर केला आणि मग जिना चढवेना

गोदातीर · रविवार, रात्री ११.४०

इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. ३२ वर्षं बँकेत व्हाउचरं लिहिली, त्यापलीकडे माझं लेखन नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

आमची नाशकात पाथर्डी फाट्याजवळ २४ फ्लॅटची सोसायटी. आज सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग होती. विषय तीन: पाण्याची टाकी, लिफ्टचं मेंटेनन्स आणि भाडेकरू. टाकीवर तासभर भांडलो. भाडेकरूला पाच मिनिटं पुरली. ३०४ चे मालक पुण्याला असतात. त्यांनी फ्लॅट एका कुटुंबाला द्यायचं ठरवलं होतं. नवरा टाइल्स फिटर, मूळचा आझमगढकडचा, बायको आणि दोन मुली. चेअरमननी अर्ज वाचायला घेतला, नावापाशी आले आणि जरा थांबले. बास, एवढंच. कुणीतरी म्हणालं, “एक येतो, मागून दहा येतात.” दुसरं कुणी म्हणालं, “आपल्याकडे लेकीबाळी आहेत.” (लेकी त्याच्याकडेही आहेत, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.) “नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा.” मी केला.

आता लाज वाटते ते सांगते. या माणसाने दोन वर्षांपूर्वी माझं बाथरूम केलंय. आठ दिवस घरात वावर होता. घर त्याच्यावर टाकून मी भाजी आणायला गेलेय. एकेक टाइल बसली की बोटाच्या पेराने ठोकायचा आणि कान द्यायचा. कोपऱ्यातली एक बद्द वाजली तर ओली असतानाच उचकटून परत मसाला भरला. मी म्हटलं, राहू दे रे, तिथे बादली असते, कोण बघतंय. तर म्हणाला, “नही मॅडम, पोकल राह्यली का फुटते.” चेअरमननी नाव वाचलं तेव्हाच मी ओळखलं होतं. ओळखूनही हात वर केला. का, तर शेजारच्या वहिनींचा वर गेला म्हणून. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

वर घरात माझा मुलगा होता. तो १५ वर्षं न्यू जर्सीत आहे. डिसेंबरात बहिणीच्या लग्नाला आला, जाताना पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायचा होता, मुलाखतीची तारीख हातात होती. ऐन वेळी ती थेट मार्चवर गेली. आता म्हणे अर्जदारांची फेसबुक-इन्स्टा खातीसुद्धा तपासतात, त्यामुळे रोज थोड्याच मुलाखती होतात. सून आणि नातू तिकडे, हा इकडे. कंपनीने थोडे दिवस चालवून घेतलं, आता बिनपगारी. नातू इथून गेला तेव्हा दोन वर्षांचा होता, आता सतराचा आहे. २१ चा झाला की बापाच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातून त्याचं नाव गळणार. कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांच्या वर द्यायची नाहीत, असा तिकडचा नियम. आइसलँडला तेवढीच आणि भारतालाही तेवढीच. त्यामुळे आपली रांग हलतच नाही.

वर गेले तर विचारतो, “काय ठरलं?” सांगितलं. “कारण काय दिलं त्याला?” म्हटलं, कारण द्यावं लागत नाही. तो हसला, म्हणाला, “बरोबर. मलाही दोनच ओळींचा मेल आलाय.” आणि हेडफोन लावून बसला.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही काय केलं असतं? शिव्या घालायच्या तर खुशाल घाला.

मखमलाबादी · रविवार, रात्री ११.५८

शिव्या कशाला? असं लिहायला जिगर लागते. आमच्या सोसायटीत तर मीटिंगही होत नाही, वॉचमनच गेटवरून परत पाठवतो.

सातपूरचा_फिटर · सोमवार, सकाळी ६.१०

ताई, राग मानू नका, पण तुमच्यासारखे लोक रडतात तेव्हा मला हसू येतं. तुमचा मुलगा अमेरिकेत, म्हणून तुम्हाला परप्रांतीयाचा कळवळा. माझा पोरगा आयटीआय करून दोन वर्षं घरी आहे, त्याचं काय?

मी २२ वर्षं अंबडच्या एका कारखान्यात काढली. आधी परमनंट होतो, युनिटने व्हीआरएस दिली, आता त्याच गेटमधून ठेकेदाराचा माणूस म्हणून आत जातो. निम्म्या पगारात. लाइनवर ४० पोरं असतील तर ३० बाहेरची. एका खोलीत आठ राहतात, १२ तास उभे राहतात, यात्रेला सुट्टी मागत नाहीत, युनियनचं नाव काढत नाहीत. ठेकेदाराला दुसरं काय पाहिजे? सरकारच्या कागदावर ८० टक्के स्थानिक. आत येऊन मोजा म्हणावं.

हे बोललं की लगेच आम्ही जातीयवादी, प्रांतवादी. तुम्हा गंगापूर रोड, कॉलेज रोडवाल्यांना माणुसकी परवडते हो.

उपविधी_४३ · सोमवार, सकाळी ८.३५

भावनांचं चालू द्या, मी तांत्रिक सांगतो. गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागतच नाही. आधी कळवायचं, भाडेकराराची प्रत द्यायची, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती भरल्याची प्रत द्यायची. झालं. सोसायटीने फार तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून) घ्यावं, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. हा शासनाचा २००१ सालचा आदेश आहे.

म्हणजे ताई, तुम्ही ज्या ठरावाला हात वर केलात तो ठराव मुळात होऊच शकत नव्हता. मालकाने उद्या निबंधकाकडे अर्ज दिला तर चेअरमनसाहेबांना घाम फुटेल. पण मालक पुण्यात, त्याला ११ महिन्यांच्या भाड्याशी मतलब. तो दुसरा भाडेकरू शोधणार. सगळीकडे हेच होतं.

काडीपैलवान · सोमवार, सकाळी ९.०२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तो आझमगढचाच होता कशावरून? आजकाल बांगलादेशी काय कमी घुसलेत? आधार कार्ड काय, कुठेही मिळतं.

कोकणीपुरा · सोमवार, सकाळी ११.२०

आली का गाडी बांगलादेशावर? मी वाटच बघत होते.

मी जुन्या नाशकातली. आमच्या मोहल्ल्याच्या नावातच कोकण आहे. घरात मराठी, शाळा मराठी, आजी तर पुरणपोळीवर नारळाचं दूध घ्यायची. लग्नानंतर इंदिरानगरला घर बघायला लागलो. एजंटशी फोनवर छान मराठीत बोलणं व्हायचं, फ्लॅट रिकामा, डिपॉझिट ठरलेलं. मग “ताई, आडनाव काय म्हणालात?” मी आडनाव सांगायचे. पलीकडे दोन सेकंद शांतता, आणि मग “मालकांशी बोलून सांगतो.” चौथ्या वेळेपासून मी आडनाव पहिल्याच वाक्यात सांगायला लागले, निदान रिक्षाचे पैसे वाचले. गोदातीर, तुमचे चेअरमन नावापाशी ‘जरा थांबले’ ना, तो थांबा मला घड्याळ लावल्यासारखा ओळखू येतो.

काडीपैलवान, बेकायदा कुणी राहत असेल तर पोलिसांनी शोधावं, कागद तपासावे, कायद्याने परत पाठवावं. त्याला माझा विरोध कशाला असेल? पण तुमची तपासणी कागदाची नाही, दाढीची आणि नावाची आहे. तुमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावचे विणकर १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून आले. त्यांच्या मागांवर विणलेली लुंगी आणि साडी निम्मा जिल्हा नेसला. दीडशे वर्षं झाली, अजून त्यांना ‘बाहेरचे’. एक माणूस पकडला गेला की दहा लाखांना जाब. मल्ल्या पळाला तेव्हा कर्नाटकवाल्यांना कुणी घर नाकारलं होतं का?

काडीपैलवान · सोमवार, सकाळी ११.३१

शेवटचं भारी होतं. मल्ल्याला घर मीच नाकारलं असतं, आधी थकबाकी भर म्हणून. पण ताई, घुसखोरीचा प्रश्न खरा आहे की नाही?

कोकणीपुरा · सोमवार, सकाळी ११.४४

खरा आहे. माझ्या फ्लॅटचा नाही.

प्रेसवाले_काका · सोमवार, दुपारी २.१५

मी नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयातून निवृत्त. १९२५ पासूनची प्रेस आहे. तुमच्या सगळ्यांचे पासपोर्ट आमच्याकडचे बरं का! जगात कुठल्याही विमानतळावर भारतीय माणूस जे पुस्तक पुढे करतो ते नाशिकरोडला छापलेलं. बाहेरच्यांना आपल्याकडे यायला व्हिसाचं जे स्टिकर लागतं तेही इथलंच. गंमत म्हणजे नोकरीभर माझा स्वतःचा पासपोर्ट नव्हता. निवृत्तीनंतर लेकीकडे लंडनला जायचं म्हणून काढला, तर नातेवाईक म्हणे, काका, एक कॉपी घरी आणली असती तर! अहो, आमची झडती घेऊन सोडायचे. कागदाचा कपटा बाहेर येत नाही.

त्या पुस्तकासाठी आम्ही जीव काढायचो. एक पान वाकडं गेलं की सगळं रद्द. आणि हिथ्रोला तो पोरगेला अधिकारी पासपोर्ट उघडण्याआधी आमच्याकडे बघून ठरवतो, यांना दोन प्रश्न जास्त विचारायचे. “किती दिवस राहणार? पैसे कोण देणार?” पुढचा गोरा माणूस चालत निघून गेला. आमची ही म्हणाली, याला मेल्याला सांगा, पुस्तक तुम्ही केलंय.

अवांतर झालं. चालू द्या.

स्टँपिंगवारी · सोमवार, संध्याकाळी ७.५०

गोदातीर ताई, तुमच्या मुलाची अवस्था मी जगतोय. पण मला सातपूरच्या भाऊंशी बोलायचंय.

भाऊ, तुम्ही जे लिहिलंत ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं तर अमेरिकेतल्या नोकरी गेलेल्या प्रोग्रामरची पोस्ट वाटेल. ‘हे लोक एका फ्लॅटमध्ये सहा राहतात, १२ तास राबतात, तोंड उघडत नाहीत, व्हिसा मालकाच्या हातात म्हणून नोकरी सोडत नाहीत.’ तो खोटं बोलत नाही! मी खरंच नोकरी सोडू शकत नव्हतो. नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. अशा माणसाला मालक हवा तसा राबवतो आणि शेजारच्या गोऱ्याचा पगार आपोआप दबतो. कायद्यात लिहिलंय की परदेशी माणसाला त्या कामाचा प्रचलित पगार द्या. ठेकेदारी कंपन्या त्यातून पळवाट काढतात, पद खालचं दाखवतात. मग सप्टेंबर २०२५ मध्ये तिकडच्या सरकारने नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जाला १ लाख डॉलरचं शुल्क लावलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि ऑनलाइन शिव्या कुणाला? ठेकेदाराला कुणीच नाही. आम्हाला. वास येतो, टोळीने येतात, डिग्र्या खोट्या असतात, आपलीच माणसं भरतात.

यातलं ‘आपलीच माणसं भरतात’ हे अधूनमधून खरं आहे, मी पाहिलंय. खोटं कशाला बोलू?

सातपूरचा_फिटर · सोमवार, रात्री १०.४०

मला अमेरिकेचं सांगू नका. पण ठेकेदाराचं बरोबर आहे.

आमच्याकडे पण तेच करून राह्यले. गेल्या पावसाळ्यात कारखान्यातल्या प्रेस मशीनवर एका गोरखपूरच्या पोराची दोन बोटं गेली. सेन्सर बंद करून ठेवला होता, उत्पादन कमी पडतं म्हणून. मी त्याला दवाखान्यात नेलं. ठेकेदार म्हणे, हा आपला माणूसच नाही, हजेरीत नाव दाखव. नावच नाही. पोरगं १९ वर्षांचं. चौथ्या दिवशी गावी गेलं, जनरलच्या डब्यातून, हात गळ्यात बांधून. त्याच्या जागी आठवड्यात दुसरा उभा. माझ्या पोराला तिथे घेत नाहीत याचा मला राग होता, त्या दिवशी वाटलं बरं झालं नाही घेतलं.

पण म्हणून मी परप्रांतीयांचे हार घालून स्वागत करीन असं नाही. रांग आमची पण आहे.

उपविधी_४३ · सोमवार, रात्री ११.०५

यासाठीच १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. ठेकेदाराला परवाना, स्थानिकाइतकाच पगार, गावी जायचं भाडं, राहायची सोय. स्थानिकाइतकाच पगार खरोखर दिला असता तर बाहेरचा माणूस स्वस्त पडलाच नसता आणि भाऊंचा मुलगा आज कामावर असता. कायदा परप्रांतीयासाठी, पण फायदा दोघांचा होता. पाळला कुणी नाही. गेल्या नोव्हेंबरात तो नव्या कामगार संहितांत विरघळला. आता बघू.

गंगाघाट · मंगळवार, सकाळी ७.२५

फेब्रुवारी २००८ आठवा, परप्रांतीयांविरुद्धचं आंदोलन. सातपूर-अंबडचे कामगार बोचकी घेऊन नाशिकरोडच्या फलाटावर बसले होते. बसवरच्या दगडफेकीत जो गेला तो एचएएलचा (विमान कारखान्याचा) कामगार होता, आणि मराठी होता. दगडाला काय कळतं?

आणि २०२०, लॉकडाउन. हायवेने चालत निघालेली माणसं मी विल्होळीजवळ पाहिली, उन्हात, पोरं खांद्यावर. राज्यातली पहिली श्रमिक गाडी नाशिकरोडहून भोपाळला सुटली ती १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी. दुसऱ्या दिवशी लखनौची. पुढे दोन महिने शहरात प्लंबर मिळेना, तेव्हा सगळ्यांना ‘भैया कधी येणार’ झालं होतं.

मेलबर्नहून_नाशिककर · मंगळवार, सकाळी ९.१०

इकडे ऑस्ट्रेलियात गेल्या वर्षी ३१ ऑगस्टला स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे निघाले, बऱ्याच शहरांत. त्यांच्या पत्रकात भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता: १०० वर्षांत ग्रीक आणि इटालियन मिळून आले नाहीत तेवढे भारतीय पाच वर्षांत आले, अशा अर्थाचं. ज्या ग्रीक-इटालियनांचा दाखला दिला, त्यांना इथे दोन पिढ्या ‘वोग’ (बाहेरून आलेल्यांसाठीची शिवी) म्हणून हिणवलं गेलं. आता ते मापाचे दगड झाले. माझा शेजारी ग्रीक, ८० च्या पुढचा. म्हणाला, काळजी करू नकोस, आम्हालाही लसणाचा वास यायचा.

घरं इथे महाग झाली, भाडी भयंकर वाढली, दवाखान्यात तास न् तास बसावं लागतं. लोकांची तक्रार खोटी नाही. पण घरं कमी बांधली गेली याचा राग ट्रॅममध्ये शेजारी बसलेल्यावर काढायला सोपा असतो.

आणि आता घरचं सांगतो. परवा इथल्या मराठी मंडळाच्या तिळगुळाला गेलो होतो. आमच्यातलेच, २००५ च्या आसपास आलेले, म्हणत होते: “हे नवीन स्टुडंट येतात ना, यांनीच आपलं नाव घालवलं. आपण रांगेतून आलो.” तिळगूळ हातात, आणि गोड काय बोलतायत बघा. मीही मान डोलावली. ताई, तुमचा हात आणि माझी मान, सारखंच.

उंबरठाण · मंगळवार, दुपारी १.३०

दोन दिवस वाचतोय. परप्रांतीय, परदेशी सगळं झालं. मी सुरगाण्याचा, याच जिल्ह्यातला. आम्ही कोण?

भाताची कापणी झाली की आमची वाडी रिकामी होते. गाड्या भरून दिंडोरी, निफाडला, द्राक्षबागेत. छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), सगळं आमच्या बाया करतात, एकरावर उक्तं ठरवून. विरळणी म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढायचे, मान वर करून, दिवसभर. माझ्या आईला अजून मान खाली करून जेवता येत नाही नीट. तीच द्राक्षं युरोपला जातात, तिथे मण्याचा मिलिमीटर मोजतात म्हणे. बागेच्या कडेला प्लास्टिक टाकून राहायचं. आणि ऐकायचं काय: हे लोक उचल घेऊन पळतात, पैसे आले की पितात, डाळिंब मोजून ठेवा.

मी डीएड करून नाशकात खोली शोधायला आलो तेव्हा पेठरोडला एक मालकीणबाई चांगल्या बोलल्या. पाणी दिलं. मग म्हणाल्या, “तुमच्यातले पाहुणे फार येतात ना?” एक येतो मागून दहा येतात, हेच वाक्य, फक्त आझमगढ नाही, ७०-८० किलोमीटरवरचं गाव.

सातपूरच्या भाऊंना एवढंच, स्थानिक म्हणजे कोण हे एकदा ठरवा. त्या ८० टक्क्यांत आमची पोरं धरलीत का?

सातपूरचा_फिटर · मंगळवार, दुपारी ३.०५

सर, तुमची पोरं आधी. मी स्वतः चांदवडहून आलेलो. १९९६ ला सिडकोत खोली मिळेना, कारण पाण्याचा हंडा भरायला कुणी बाई नाही, एकटा पोरगा नको. विसरलो होतो.

जुनं_नाशिक · मंगळवार, रात्री ९.४५

शरणपूर रोडला कॉफी प्यायला जाणाऱ्यांसाठी. शरणपूर नावाप्रमाणे खरंच शरण आलेल्यांचं होतं. मिशनऱ्यांनी १८५४ मध्ये वसवलं, आणि पुढे अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणून ठेवली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. इथे शिकलेला जेकब वेनराइट आफ्रिकेचा शोधयात्री डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या पार्थिवासोबत १८७४ मध्ये इंग्लंडला पोचला. नंतर यातली बरीच मंडळी केनियातल्या मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउनला राहायला गेली, आपल्या खंडात परत. तिथे त्यांना नाव काय पडलं? ‘बॉम्बे आफ्रिकन’. इथे आफ्रिकन, तिथे बॉम्बेवाले. आपल्या एनआरआय मंडळींना हे नव्याने सांगायला नको.

काडीपैलवान · मंगळवार, रात्री ९.५८

हे माहीत नव्हतं. धागा वाचनखुणेत टाकला. (पॉपकॉर्न संपले.)

संपादक · बुधवार, सकाळी १०.००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. एका समाजाचं नाव घेऊन सरसकट लिहिलं होतं. इतका चांगला चाललेला धागा कुलूप लावायला लावू नका.

गोदातीर · शुक्रवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते, फार काही नाही.

उपविधींचं छापून मंगळवारी चेअरमनकडे गेले. ते म्हणाले, “ताई, तुम्हीही हात वर केला होता.” म्हटलं, केला होता, आता खाली घेतेय, तसं इतिवृत्तात लिहा. लिहितो म्हणाले. लिहितील असं वाटत नाही. ३०४ च्या मालकांना फोन केला, तर त्यांनी फ्लॅट एका बँकेतल्या मुलांना दिलासुद्धा. तेही भाडं जास्त घेऊन.

मग टाइल्सवाल्याला फोन केला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं, म्हणून बाल्कनीतल्या दोन टाइल्स उठल्यात असं सांगितलं. उठल्यात खऱ्याच. काल आला. चुंचाळ्याला खोली मिळाली म्हणे, लहान आहे, धाकटीची शाळा लांब पडते. मी सांगितलं, त्या मीटिंगमध्ये मी होते, माझाही हात वर होता. तो खाली बघून ठोकत होता. म्हणाला, “मालूम आहे मॅडम. मालिकने सांगितला.” मग जरा वेळाने, “चहात शक्कर कमी टाका, शुगर निघाली.” बाकी काही नाही. दोन नाही, पाच टाइल्स पोकळ निघाल्या. पाचही बदलल्या, पैसे रोजचे घेतले, ना कमी ना जास्त.

मुलाने त्याला विचारलं, मुंबईहून की थेट नाशिकला आलात? मग दोघं तासभर बाल्कनीत बसून बोलत होते, गावी कधी गेला होतात, मुलं कुठली भाषा बोलतात, वगैरे. मला आत बोलावलं नाही. मार्चची तारीख अजून तशीच आहे.

मखमलाबादी · शुक्रवार, रात्री १०.३३

ताई, आमच्या गच्चीचं काम करायचंय. वॉटरप्रूफिंग आणि वर टाइल्स. त्यांचा नंबर मिळेल का?

सातपूरचा_फिटर · शुक्रवार, रात्री १०.५१

मला पण द्या. मोरी गळते.

गोदातीर · शुक्रवार, रात्री ११.०२

त्यांना विचारून दोघांनाही व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. रविवारी फोन करू नका, रविवारी ते धाकटीला सायकल शिकवतात.